कुळल मामा

कुळल मामांच्या शर्टाच्या खिशात कायम एक व्हर्नियर कॅलिपर असतो. देवळात असतो, लग्नात असतो, मयताला जातानाही असतो. पेरांबूरच्या रेल्वे डब्यांच्या कारखान्यात त्यांची सगळी नोकरी मोजमापं तपासण्यात गेली. निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं घड्याळ त्यांनी जावयाला देऊन टाकलं आणि त्याच आठवड्यात पदरचे पैसे घालून हा कॅलिपर घेतला. रस्त्यात कुठे नळी दिसली की तो बाहेर येतो. नळी कसलीही चालते. छत्रीचा दांडा, टीव्हीच्या जुन्या अँटेनाची दांडी, प्लंबरच्या पिशवीतून डोकावणारा पीव्हीसीचा तुकडा. "आतून किती?" हा त्यांचा पहिला प्रश्न. माणसाचं नाव-गाव त्यानंतर.

आम्ही मैलापुरात भाड्याने राहायला आलो तेव्हा सामान वर चढत असताना हे गृहस्थ जिन्यात आडवे आले. पांढरी वेष्टी, अर्ध्या बाह्यांचा शर्ट, कपाळाला गंध. हमालाच्या खांद्यावरचे पडद्याचे रॉड त्यांनी थांबवले, कॅलिपर लावला आणि हळहळत मान हलवली. "एकोणीस! पडद्याला कशाला वाया घालवता हो?" हे वाक्य मराठीत होतं. जिन्यात चाललेली आमची आपसातली वादावादी ऐकून त्यांनी भाषा ओळखली होती. चेन्नईत कोणी आपल्याला मराठीत बोलेल याची तयारी नसल्याने मी भांबावलो, आणि रॉड वाया कसे गेले हे विचारायचं राहूनच गेलं.

मामा तंजावरचे मराठी. सतराव्या शतकात व्यंकोजीराजांच्या मागोमाग जी घरं दक्षिणेत उतरली आणि तिथलीच झाली, त्यांतलं एक. घरात अजून मराठी आहे. हिशेब आणि भांडण तामिळमध्ये, पेन्शनचा पत्रव्यवहार इंग्रजीत. त्यांचं मराठी आम्हाला पोथीतलं वाटतं आणि आमचं त्यांना सिनेमातलं. कुळल म्हणजे बासरी. सगळी इमारत त्यांना 'कुळल मामा' म्हणते, पोस्टमनही म्हणतो, आणि एकदा तर बँकेच्या शिपायाने खातेपुस्तकावरचं खरं नाव वाचून "हे कोण?" असं त्यांनाच विचारलं होतं. मी वयाने लहान, म्हणून मी 'तंबी'.

आता मैलापूर म्हणजे काय हे सांगायला हवं. कपालीश्वराच्या देवळाभोवतीचे चार माडा रस्ते घ्या, लझ कॉर्नर घ्या, कचेरी रोड घ्या. कुठेही संध्याकाळी चाला, एका खिडकीतून वीणा, दुसरीतून सरळी वरसै घोकणारी पोरं, तिसरीतून मृदंग. डिसेंबरात मार्गळीचा हंगाम सुरू झाला की सकाळपासून रात्रीपर्यंत सभांमधून कचेऱ्या, म्हणजे मैफली, चालतात, आणि 1928 पासूनची म्युझिक अकादमी रिक्षाने पाच-दहा मिनिटांवर आहे. इथली भाजीवालीसुद्धा राग ओळखते म्हणतात. ती भाजीवाली मला अजून भेटायची आहे, पण अशा गावात संगीत येणं हे काही कौतुकाचं लक्षण धरत नाहीत. म्हणून मामांनी स्वतःपुरती एक वेगळी गल्ली काढली आहे. ते बासऱ्या करतात.

वाजवतात का? वाजवतात. बरं वाजवतात. पण पाचेक मिनिटं झाली की त्यांना बासरीतला दोष ऐकू येतो. डोळे बारीक होतात, ओठ बासरीपासून सुटतात, "श्रुती सेरलै", म्हणजे सूर जुळत नाही, असं पुटपुटत ते कानस शोधायला उठतात. त्यामुळे माझ्या ऐकण्यात, एक अपवाद सोडता, त्यांची एकही कृती कधी चरणापर्यंत पोचलेली नाही. पल्लवी, अनुपल्लवी, कानस.

असा छंद जडलेली माणसं तुमच्याकडेही असतील. कुणाचे काका पतंग करतात आणि कधी उडवत नाहीत. कुणाचे आजोबा सायकल खोलून ठेवतात आणि बाजाराला चालत जातात. करण्याचा नाद लागला की वापरण्याचा सुटतो. फरक इतकाच की खोलून ठेवलेली सायकल आवाज करत नाही.

मामांचा कारखाना गच्चीवर. रविवारी पहाटे ऊन चढायच्या आत कुमुट्टी, म्हणजे कोळशाची शेगडी, पेटते. शेजारी सळया मांडलेल्या असतात: सायकलच्या चाकाची तार, छत्रीच्या काड्या, त्याहून जाड दोन गज. बांबू केरळच्या बाजूचा, पातळ सालीचा आणि लांब पेराचा, कारण कर्नाटक संगीताची आखूड बासरी एका पेरात बसावी लागते. एका टोकाला गाठ ठेवायची, ते बंद तोंड. गाठीपासून थोड्या अंतरावर फुंकायचं भोक. ही एवढी दोन कामं होईपर्यंत मामा अगदी शांत असतात, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरंही देतात. मग कापणं सुरू होतं.

सगळी भोकं झाकून नळीने सेकंदाला 392 कंपनं द्यायची असतील, तर कागदावर तिची लांबी पावणेचव्वेचाळीस सेंटिमीटर निघते. प्रत्यक्षात थोडी कमीच ठेवावी लागते, कारण आतली हवा नळीच्या तोंडाबाहेरही जराशी हलत असते. ही 'जराशी' किती, ते प्रत्येक बांबू आपापलं ठरवतो. म्हणून मामा लांब नळीपासून सुरुवात करतात. फुंकायचं, मोबाइलवरच्या काट्याकडे बघायचं, करवतीने तांदळाएवढी चकती उतरवायची, पुन्हा फुंकायचं. स्वर चढत चढत जागेजवळ येतो. अगदी जवळ येतो. इथे शहाणा माणूस थांबतो. मामा म्हणतात, "कोंजम." म्हणजे थोडं. करवत एकदा फिरते आणि स्वर पाहिजे तिथून पुढे निघून जातो. कापलेला बांबू परत चिकटत नाही. पाच कट्टैची, म्हणजे आपल्या पांढरी पाचची, बासरी काढायला बसलेले मामा मग अर्धा मिनिट आकाशाकडे बघतात आणि जाहीर करतात, "आता हिला साडेपाचची करूया." साडेपाचच्या वाटेवर पुन्हा कोंजम होतं. दुपारी मामी जेवायला हाक मारतात तेव्हा सहा कट्टै उलटून गेलेली असते आणि शेगडीजवळ बांबूच्या चकत्यांचा ढीग असतो. इमारतीतली मुलं त्या चकत्यांनी कॅरम खेळतात.

समजा लांबी जमली, तर भोकं. बांबूला गिरमिट लावलं की धागे फाटतात, म्हणून लाल केलेल्या सळईने भोक जाळायचं. चर्र आवाज होतो, नळीच्या दोन्ही तोंडांतून पिवळट धूर निघतो, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या समस्त साड्यांना तो वास लागतो. आधी बारीक सळई, मग जाड, मग गोल कानस. भोक मोठं केलं की स्वर चढतो. लहान करायचा मार्ग मेणाने लिंपण्याचा, आणि मेणाचं नाव काढलं की मामांना अपमान वाटतो. शेवटी आतून तिळाचं तेल. या तेलावरून त्या घरात जेवढी बोलाचाली होते तेवढी पैशावरून झालेली मी ऐकली नाही. मामी इडलीच्या चटणीपुडीसाठी घाण्याचं नल्लेण्णै आणतात आणि बाटलीवर पेनने रेघ मारून ठेवतात. रेघ खाली गेली की त्या काही बोलत नाहीत; त्या दिवशी पुडी कोरडी वाढतात.

मामी या संसारात कशा टिकल्या हा स्वतंत्र व्यक्तिचित्राचा विषय आहे. एप्रिलमध्ये त्यांचे वडाम असतात, आपल्या कुरडया-सांडग्यांचे चुलतभाऊ. गच्चीवर जुन्या वेष्ट्या अंथरून त्यांवर ते वाळतात, आणि त्याच उन्हात मामांचे बांबूही वाळायला असतात. जागेचा तह असा ठरलेला: बांबूंना जागा मिळेल, मामांनी कावळे हाकायचे. मामा आनंदाने खुर्ची टाकून बसले. कावळे हाकायला काठीऐवजी बासरी घेतली, म्हणजे दोन्ही कामं. पहिल्या दिवशी एका उंच स्वराने कावळे खरोखर उडाले. मामांनी तो स्वर मोबाइलवर मोजला. मग त्याहून अर्धा स्वर वर काय होतं ते पाहायला ते दुसरी बासरी आणायला खाली गेले, ती सापडेना म्हणून तिसरी थोडी कानसली. वर आले तेव्हा कावळे जेवून गेले होते. त्यावर मामांचं म्हणणं, "तंबी, साडेसहाला उडतात, सहाला उडत नाहीत." मामींना हा शोध सांगायची जबाबदारी त्यांनी माझ्यावर टाकली होती. मी ती घेतली नाही.

त्यांना सगळीकडे शिट्टी दिसते. पेनाचं टोपण, औषधाची बाटली, किल्लीचं भोक, सगळ्यांवर ओठ ठेवून झाले आहेत. इळनीरवाल्याकडे शहाळं प्यायला गेलो की ते स्ट्रॉचं टोक दातांनी चपटं करतात, नखाने दोन तिरके काप घेतात आणि फुंकतात. सनईच्या पिलाने हंबरडा फोडावा तसा आवाज निघतो. मग फुंकता फुंकता दुसऱ्या टोकाकडून कात्रीने स्ट्रॉ कापत जातात आणि आवाज पायरी पायरीने चढतो. कात्री कुठून आली असं विचारू नका. कॅलिपरशेजारी असते. एकदा भोवती एवढी मुलं जमली, की इळनीरवाल्याने मामांना शहाळं फुकट दिलं आणि पुन्हा येताना स्ट्रॉ घरून आणा म्हणून सांगितलं. पूवरसु म्हणजे आपलं भेंडीचं झाड. त्याचं पान गुंडाळून टोक दाबलं की 'पीप्पी' होते, हे इमारतीतल्या प्रत्येक पोराला मामांनी शिकवलं आहे. परीक्षेच्या दिवसांत शिकवलं, हे पालक अजून विसरलेले नाहीत.

मी त्यांना आपली 'गाजराची पुंगी'वाली म्हण सांगितली ती सहज, गप्पांच्या ओघात. मामांनी ती कृती समजून ऐकली. "गाजर कोणतं? देशी का ऊटीचं?" मी म्हटलं, म्हणीत दिलेलं नाही. त्यांनी मोबाइलवर शोधून काढलं, की व्हिएन्ना शहरात 1998 पासून एक वाद्यवृंदच आहे, जो गाजराच्या बासऱ्या आणि भोपळ्याचे ढोल वाजवतो. झालं. साउथ माडा स्ट्रीटच्या भाजीबाजारात मामा ऊटीची गाजरं कॅलिपरने मोजत उकिडवे बसले आणि भाजीवालीने त्यांना कुठल्या तरी खात्याचा निरीक्षक समजून वजनाचा काटा पुसून घेतला. संध्याकाळी पुंगी तयार. वाजली, खरंच वाजली, गोड वाजली. पण गाजर सुकतं, सुकलं की आकसतं, आणि रात्रीपर्यंत तिचा पंचम कुठल्या कुठे गेला. दुसऱ्या दिवशी मामींनी तिची कोसुमल्ली, म्हणजे कोशिंबीर, केली. मोडून खाल्ली तर खाल्ली, वाजली तर वाजली. आमची दोन्ही झाली.

गिधाडाची गोष्ट याहून गंभीर आहे. जर्मनीतल्या होले फेल्स नावाच्या गुहेत 2008 मध्ये गिधाडाच्या हाडाची एक बासरी सापडली. पाच भोकं, पस्तीस ते चाळीस हजार वर्षांपूर्वीची. मामांना वयाचं विशेष वाटलं नाही. त्यांना हलवून सोडलं ते दुसऱ्याच गोष्टीने: भोकांजवळ बारीक रेघा कोरलेल्या आहेत आणि त्या बहुधा भोकांच्या जागा ठरवायला केलेल्या खुणा असाव्यात, असं संशोधक म्हणतात. "मोजत होते, तंबी! तेव्हासुद्धा मोजत होते!" त्यांचा आवाज दाटून आला होता. मग त्यांनी दरवाजा हळूच लोटला आणि माझ्या कानाशी येऊन विचारलं, "तू बाहेर हॉटेलात खातोस ना... ते? त्यातली एक नळी आणशील? चांगली धुऊन?" तीन पिढ्यांपासून ज्या घरात कांदासुद्धा चतुर्थीला वर्ज्य, त्या घरचा कर्ता पुरुष माझ्याकडे मटणाची नळी मागत होता. "घरी नको. तुझ्याकडेच ठेव. मी येऊन मोजून जाईन." नळी मी आणली नाही. एका शाकाहारी माणसाचं पातक पस्तीस हजार वर्षांच्या परंपरेवर ढकलण्याएवढी माझी छाती नाही.

मामांचं दैवत माली. टी. आर. महालिंगम, 1926 साली तिरुविडैमरुदूरला जन्मले. 1933 मध्ये, सातव्या वर्षी, याच मैलापुरात त्यागराज उत्सवात त्यांची पहिली कचेरी झाली आणि मोठमोठे विद्वान अवाक झाले. त्यांच्या आधी कुंभकोणमच्या शरभ शास्त्रींनी बासरीला मैफलीत बसवलं होतं. मालींनी तिच्याकडून गळ्यातली गमकं काढून घेतली. मामांचे वडील 1933 च्या त्या कचेरीला हजर होते. असं मामा सांगतात. वडिलांनी स्वतः कधी सांगितल्याचं मामींना आठवत नाही. माली लहरी म्हणून प्रसिद्ध होते. कधी कचेरीला यायचेच नाहीत, कधी मधूनच उठून जायचे. "त्यांचा स्वभाव आमच्यात उतरलाय," मामा अभिमानाने म्हणतात. मामी आतून म्हणतात, "तेवढाच."

आमचे त्यांच्याशी खरे मतभेद भोकांवरून. आपल्या हिंदुस्थानी बासरीला बोटांची भोकं सहा, कर्नाटक बासरीला आठ. मी एकदा पन्नालाल घोषांचं नाव काढलं, की त्यांनी लांब, खर्जाची बासरी मैफलीत आणली, हरिप्रसाद ती जगभर घेऊन गेले. मामांनी ऐकून घेतलं. "पन्नालाल मोठा माणूस. आमच्या रमणींनीही त्यांचं बघूनच लांब कुळल घेतली. पण तंबी, सहाच भोकं! म्हणून तर तुम्ही लोक एकेका स्वरावर अर्धा अर्धा तास बसता. पुढचं भोकच नाही." यावर काय बोलणार? गावच्या जत्रेतून आणलेलं अलगुज मी त्यांना भेट दिलं तेव्हा त्यांनी तोंडातलं लाकडी बूच काढून मोजलं, परत बसवलं आणि विचारलं, "हे कुणी केलं?" विकणाऱ्या धनगर म्हाताऱ्याने, म्हटलं. "शिकला होता कुठे?" नाही. "मग बरोबर. शिकलेला माणूस एवढं सरळ करू शकत नाही." त्यांच्या तोंडून ही एवढीच निखळ स्तुती मी ऐकली आहे. 1843 मध्ये पत्र्याची शिट्टी काढणारा इंग्लंडमधला रॉबर्ट क्लार्कही शेतमजूर होता, म्हणून त्याच्यावरही त्यांचा लोभ आहे.

जत्रेतल्या बासरीवाल्याकडून तुम्ही-आम्ही कधी ना कधी फसलेले आहोत. त्याच्या हातात ती सिनेमाचं गाणं गाते, आपण दहा रुपये देऊन घरी आणली की नुसती फू-फू करते. मामा म्हणतात, त्यात बासरीवाल्याची लबाडी काही नाही. त्याने एक चांगली बासरी स्वतःसाठी ठेवलेली असते, आणि ती तो विकत नाही. उरलेल्यांत वाईट बासऱ्याही वाजवायचा ओठ त्याच्याकडे असतो, तोही विकत नाही. पंगुनीच्या उत्सवात अरुबत्तमूवरच्या दिवशी त्रेसष्ट नायन्मार संतांच्या पालख्या माडा रस्त्यांवरून निघतात, जागोजागी नीर-मोर म्हणजे ताक वाटतात, आणि त्या गर्दीत मामा पालखीकडे पाठ करून बासरीवाल्याच्या काठीवरच्या बासऱ्या एकेक काढून फुंकत असतात. फुंकून झाली की स्वरांच्या क्रमाने परत खोचतात. बासरीवाला आधी भांडतो, मग थकतो. दरवर्षी येणारा एक तर आता मामा दिसले की काठी त्यांच्या हातात देऊन ताक प्यायला जातो. मागे एका बाईंनी मामांनाच भाव विचारला. मामांनी प्रत्येक बासरीतला दोष समजावून सांगितला, आणि बाई फुगा घेऊन गेल्या.

नवरात्रात नॉर्थ माडा स्ट्रीटवर घरोघर मांडायच्या गोलूच्या बाहुल्यांचा बाजार भरतो. तिथे कृष्ण शेकड्याने असतात. मामा प्रत्येक कृष्णापुढे थांबतात. याची भोकं नऊ. याची बोटं दोन भोकांच्या मधल्या बांबूवर. याने फुंकायचं भोक हनुवटीखाली घेतलंय. "हा वाजवत नाही, नुसता धरून उभा आहे," ते विक्रेत्याला सांगतात. विक्रेता म्हणतो, स्वामी, देव आहे, कसाही वाजवेल. मामांच्या घरच्या गोलूत शेवटी एक कृष्ण आला तो बिनबासरीचा, बासरी मोडली म्हणून निम्म्या किमतीत मिळालेला. मामांनी त्याला उदबत्तीच्या काडीएवढ्या वेळूची नवी बासरी करून दिली. वाजते म्हणतात. फुंकून बघायचं धाडस मात्र त्यांनाही झालेलं नाही, कारण मामी समोर होत्या.

त्याच गोलूतली संध्याकाळ सांगायला हवी. मैलापुरात गोलू बघायला आलेल्या बायकांना कुंकू, उसळीसारखं सुंडल आणि गायचा आग्रह, तिन्ही मिळतं. सगळ्यांचं गाऊन झाल्यावर घरच्या यजमानांची पाळी आली. जावयाने त्याच वर्षी हॉलमध्ये एसी बसवून दिला होता आणि मंडळी सुखात होती. मामांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा लावला. हा बंगळूरच्या राडेलचा. तो काढणारे जी. राज नारायण स्वतः बासरीवादक, म्हणून मामांच्या घरात टीव्हीपेक्षा त्याला मान. पहिली फुंकर मारली आणि मामांचे डोळे बारीक झाले. श्रुती सेरलै. बासरी गच्चीवरच्या उन्हात मिळवलेली होती. हवा एका अंशाने गार झाली की बासरीचा स्वर तीनेक सेंटने उतरतो आणि शंभर सेंटचा एक अर्धस्वर होतो. दहा अंशांत अर्ध्या स्वराचा जवळजवळ तिसरा हिस्सा गेला. आपण दुर्लक्ष केलं असतं. त्यातून तंबोऱ्याची कळ जराशी फिरवली असती तरी भागलं असतं. मामांच्या मते चूक बासरीची नव्हती, हवामानाची होती, आणि चूक असेल तिथेच दुरुस्त करायची असते. "एसी बंद करा."

एसी बंद झाला. मग पंखाही बंद झाला, कारण पंख्याचा वारा फुंकरीला आडवा जातो. ऑक्टोबर महिना, खिडक्या बंद, वीस-पंचवीस बायका कांजीवरम नेसून. मामा हवा गरम होण्याची वाट पाहत बासरी पोटाशी धरून बसले. हवा गरम झाली. मधल्या वेळात बासरीत चार-पाचदा फुंकून तपासल्यामुळे ती मात्र श्वासाने जास्त गरम झाली होती. आता स्वर चढा. मामा दुसरी बासरी आणायला आत गेले. ते बाहेर येईपर्यंत मामींनी प्रसंगावधान राखून सगळ्यांच्या हातात सुंडल दिलं होतं आणि मंडळी पुढच्या गोलूला रवाना झाली होती. एक आजी तेवढ्या राहिल्या, त्यांना न्यायला सून यायची होती. मामांनी आजींपुढे बैठक मारली आणि वाजवलं. मी दारात होतो. पल्लवी झाली, अनुपल्लवी झाली, आणि मी श्वास रोखून उभा असताना मामा थेट चरणात शिरले. काय सांगू, सुरेख वाजवलं. आजी म्हणाल्या, "रोंब नल्ला इरुंददु." खूप छान होतं. मामा म्हणाले, "इल्लै, गांधार..." आणि पुढचा पाव तास त्या माउलीला गांधारात काय चुकलं ते समजावत राहिले. आजी म्हणत होत्या छान होतं, मामा म्हणत होते नव्हतं. सून आली तेव्हा दोघंही जरा रागातच होते.

बासरी झाली की मामा ती देऊन टाकतात. वॉचमनकडे त्यांची बासरी आहे, इस्त्रीवाल्याकडे आहे, फुलवाल्या अम्माच्या टोपलीत आहे, आमच्याकडे तर चार आहेत. पैसे घेत नाहीत. देताना दोन्ही हातांनी देतात आणि म्हणतात, "ही अशीतशीच आहे. पुढची बघ." वाजवत कोणीच नाही. वॉचमन तिने गेटची कडी सरकवतो. अम्मा तिच्यावर दोरा गुंडाळते. आमच्या चारांपैकी एक मी पुण्याला बहिणीकडे नेली, तर दिवाळीनंतरच्या कोरड्या थंडीत ती उभी तडकली. चेन्नईच्या दमट हवेतला बांबू, त्याला ती हवा सोसली नाही. मामांना भीतभीत सांगितलं. ते मुळीच रागावले नाहीत. "पुण्यात लवकर तडकतात, असं आमचे वडील सांगायचे," एवढंच म्हणाले. बासऱ्यांबद्दल म्हणाले की माणसांबद्दल, ते मी विचारलं नाही.

परवा ते आमच्याकडे कॉफीला आले होते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीचा आकडा तुटला आहे आणि झडप उघडी राहावी म्हणून तिथे मामांचीच एक बासरी टेकू म्हणून लावलेली. आम्ही दोघं नवरा-बायको त्यांना दिवाणखान्यातच अडवायचा प्रयत्न करत होतो, पण कॉफी किती गाळली ते पाहायला मामा सरळ आत गेले. खिडकी पाहिली. थांबले. मी सारवासारवीला तोंड उघडलं तेवढ्यात त्यांनी बासरी ओढून काढली, झडप धाडकन आपटली, आणि त्यांनी बासरी वेष्टीला पुसून फुंकली. कॅलिपर बाहेर आला. आतून मोजली, बाहेरून मोजली, पुन्हा फुंकली.

"वाळली की हो!" मामांचा चेहरा फुलला. "ऊन, वाफ, फोडणीचा धूर, सगळं लागलंय. बांबू वर्ष-दीड वर्ष आकसत असतो, तंबी. आता स्थिर झाला. आता हिची भोकं नीट करता येतील."

मी विचारलं, मामा, म्हणजे तुम्ही या बासऱ्या लोकांना भेट म्हणून देता, की...

"आमच्या घरी मामी ठेवू देत नाही ना," मामा म्हणाले. त्यांनी बासरी काखेत मारली, पिशवीतून दुसरी, कोवळ्या पिवळ्या रंगाची काढली आणि खिडकीत टेकू म्हणून नीट बसवली. "ही राहू दे इथे. फोडणी रोज देता ना?"